मुळाला काय ठाऊक, शेण की युरिया

माझ्या गळ्यात माळ आहे आणि भात निघाला की वीस गुंठ्यांत मी कांदा लावतो. रान मावळात, इंदोरीजवळ, इंद्रायणीच्या काठाला. वडील युरियाच्या गोणीला शिवत नसत. शेण पवित्र, हे पांढरे दाणे पाप, असं त्यांचं सरळ होतं.

कांद्याच्या मुळाला हा भेद कळत नाही. नत्र शेणातलं असो की गोणीतलं, मातीत त्याचं अमोनियम किंवा नायट्रेट झालं की मगच ते मुळाला लागतं. हेक्टरी १०० किलो नत्र धरलं, तर माझ्या रानाला २० किलो हवं. ४५ किलोच्या एका गोणीत ते बसतं. तेवढंच शेणखतातून द्यायचं तर चारेक टन लागेल, आणि तेही एका हंगामात सगळं लागू होत नाही. शिवाय माझ्या गाई खातात तो चारा याच रानातला. कांदा चाकणच्या बाजाराला जातो तेव्हा मातीतला पालाश घेऊन जातो. तो गोठ्यातून कसा परत येणार? मातीचं घेतलेलं बुडवणं, हेही पापच ना?

पण गोणीचंही पाप मी केलंय. एका साली पात फिकी दिसली म्हणून लागवडीनंतर अडीच महिन्यांनी युरिया फेकला. पात हिरवीगार झाली, पण माना जाडच राहिल्या. कांदेनवमीला चाळीत हात घातला, तर बोटं कांद्यात रुतली. ते नासलेले कांदे उकिरड्यावर टाकताना दुसरंच मनात आलं. कांद्याची मुळं जेमतेम वीतभर. त्यांनी न घेतलेलं नत्र खाली झिरपतं, पावसाबरोबर नदीला लागतं. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगवलेली ही नदी माझ्या बांधावरून पुढं देहूला, आळंदीला जाते. तिथं लोक तिचं तीर्थ घेतात.

पाप खतात नाही, हावेत आहे, असं मी मानतो. आता शेणखत नांगरटीला, पालाश नि अर्धं नत्र लागवडीला, उरलेलं नत्र तीस आणि पंचेचाळीस दिवसांनी. माऊली, तुमचंही रान नदीकाठी असेल, तर साठ दिवसांनंतर गोणीचं तोंड बांधून ठेवा.