शंभर दिवसांचं बी

८ जुलैला मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी गार्डनमधल्या माझ्या वाफ्यात बटरनट स्क्वॉशच्या चार बिया टोचल्या. पाच दिवसांपूर्वीच माझी नोकरी गेली होती. एच-१बी व्हिसावर नोकरी गेली की नवी मिळवायला, नाहीतर देश सोडायला, जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. बियांच्या पाकिटावर लिहिलं होतं, १०५ दिवस.

वजाबाकी कुणालाही जमेल.

बटरनट हा आपल्या लाल भोपळ्याचा सख्खा भाऊ, प्रजाती एकच. (दोघंही मूळचे अमेरिका खंडातले. भोपळा आपल्याकडे आला तेव्हा त्याला कुणी व्हिसा विचारला नाही.) इथे तो जूनपर्यंत लावून टाकतात. ज्या रात्री दव गोठतं, त्या एका रात्रीत वेल काळा पडतो. म्हणून उशिरा लावणाऱ्याने त्या रात्रीपासून उलटं मोजायचं आणि वर दोन आठवडे धरायचे, कारण सप्टेंबरात दिवस लहान होतात, वेल मंदावतो. आमच्याकडे ही रात्र ऑक्टोबरच्या मध्यानंतर कधीही येते. म्हणजे व्हिसा सोडला तरी मला उशीरच झाला होता.

“मग लावलास कशाला?” आईने फोनवर विचारलं. फळाची अपेक्षा न ठेवण्याबद्दल मी काहीतरी पुटपुटलो. ते खोटं होतं. दिवस मोजून बी लावणाऱ्याइतकी फळाची अपेक्षा दुसऱ्या कुणाला नसते. मला ऑक्टोबरात घारगे खायचे होते.

दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे नातवंडांसाठी आंबा लावणारे आजोबा. तेही मला लागू पडत नाही. आंबा धीराचा, मालक बदलला तरी झाड उभं राहतं. भोपळ्याचा वेल वाऱ्यावर सोडला तर तो शेजाऱ्याच्या टोमॅटोवर चढतो, त्याची भुरी काकडीवर जाते, आणि वेटिंग लिस्टवरच्या माणसाची जागा अडून राहते. कामावरही मी हे केलंय. टीम बदलताना मोठ्या उत्साहात सुरू केलेलं मॉड्यूल अर्धवट टाकून गेलो. ते कुणी निस्तरलं, हे आजवर विचारलेलं नाही. आशा माझी आणि कष्ट तिसऱ्याचे, असा तो व्यवहार. आशेवर जगावं असं सांगणारे भेटतात, पण तिचा खर्च कुणाच्या नावावर पडतो हे कुणी सांगत नाही.

या खेपेलाही मी आधी विचारलं नाहीच. रोपांना चार पानं फुटल्यावर शेजारच्या वाफ्यातल्या आजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “पाणी मी घालीन. पण वेलाला झेपतील तेवढीच फळं ठेव. उरलेली फुलं खुडायला मला सांगू नकोस, ते मला बघवत नाही.”

आज २७ ऑगस्ट. नरफुलांची भजी दोनदा झाली. सकाळी पहिलं मादीफूल उमललं, ब्रशने पराग लावला. फळ धरलं तर पिकायला साधारण ५० दिवस, म्हणजे १६ ऑक्टोबर. माझे ६० दिवस १ सप्टेंबरला संपतात. उद्या एक मुलाखत आहे, दुसरी फेरी.

त्याच वेलावर मादीफुलांच्या आणखी दोन कळ्या आहेत. एक मी खुडली. दुसरीशी हात थांबला. आजी संध्याकाळी येतात, त्यांना विचारतो.