आडवे कोण आले?

‘शासकीय कामात अडथळा आणल्याप्रकरणी गुन्हा दाखल’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून येते, की आपली नजर त्यावर थांबतही नाही. काम कोणते होते, ते कायद्याला धरून होते का, अडवणाऱ्याचे म्हणणे काय होते, हे सारे त्या एका ओळीत बुडून जाते. अडथळा म्हटला की अडवणारा दोषी आणि अडलेला निर्दोष, असा निकाल शब्दासोबतच लागतो. हा निकाल तपासून पाहायचा तर नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या नर्मदाकाठी जावे लागते. सातपुड्याच्या उतारावरच्या त्या भिल्ल आणि पावरा गावांना सरकारदरबारी कित्येक वर्षे एकच ओळख होती: विकासाच्या आड येणारी माणसे.

आपल्या फौजदारी कायद्यातला अडथळा हा ‘ऑब्स्ट्रक्ट’ या इंग्रजी शब्दावरून आलेला. तो शब्द लॅटिनमधून आला. त्यात ‘ओब’ म्हणजे समोर आणि ‘स्त्रुएरे’ म्हणजे थरावर थर रचणे, उभारणे. ‘स्ट्रक्चर’ आणि ‘कन्स्ट्रक्शन’ हे शब्द याच धातूचे. म्हणजे मुळात अडथळा हे एक बांधकाम आहे. चालत्याच्या समोर कुणीतरी काहीतरी आणून रचले, तर तो अडथळा. इंग्रजीत याच अर्थाचा दुसरा शब्द आहे ‘थ्वॉर्ट’. तो उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ नुसता ‘आडवा’ एवढाच. आपल्या ‘आडवे येणे’मध्ये हेच चित्र आहे. पण एखादी वस्तू आडवी आहे की उभी, हे त्या वस्तूकडे नुसते पाहून सांगता येत नाही. जाणारा कुठून कुठे निघाला आहे, हे आधी ठरते आणि मग बाकीच्यांना आडवे म्हटले जाते.

नर्मदा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि गावे तिच्या काठाने लांबत गेलेली. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही गावे नदीच्या दिशेनेच वसली. तिच्या प्रवाहाला छेदून, गुजरातेत केवडियाजवळ जे उभे राहिले ते सरदार सरोवर धरण. जवाहरलाल नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी पायाभरणी केली. पुढे पाण्याच्या वाटपावरून राज्यांचा तंटा लवादाकडे गेला आणि डिसेंबर १९७९ मध्ये नर्मदा पाणी तंटा लवादाने अंतिम निवाडा दिला. पूर्ण जलाशयाची पातळी ठरली १३८.६८ मीटर. महाराष्ट्राच्या वाट्याला आले विजेचे २७ टक्के, पाव दशलक्ष एकर-फूट पाणी आणि ३३ गावांचे बुडित. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, म्हणून यातला निम्मा इतिहास ‘धुळे जिल्हा’ या नावाखाली नोंदलेला आहे. दक्षिणेला तापीवर, गुजरातेतच, उकाई धरण आधीच झाले होते आणि त्याचेही पाणी याच मुलखात पसरले होते. एका बाजूला तापीचा फुगवटा, दुसऱ्या बाजूला नर्मदेचा आणि दोन्ही भिंती जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, अशी या भूगोलाची मांडणी आहे.

मणिबेली हे महाराष्ट्रातले धरणाला सर्वांत जवळचे गाव, म्हणून पाणीही तिथे आधी आले आणि पोलीसही. १९९२-९३ मध्ये तिथे सत्याग्रह झाला, अटका झाल्या, घरे उतरवली गेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये अक्राणीतल्या चिंचखेडीला सर्वेक्षणाच्या विरोधात जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि रेहमल वसावे हा कोवळा मुलगा मारला गेला. १९९९ च्या पावसाळ्यात डोमखेडीत मेधा पाटकर आणि गावकरी चढत्या पाण्यात गळ्यापर्यंत उभे राहिले. नर्मदा बचाव आंदोलनाची घोषणा होती, ‘डूबेंगे, पर हटेंगे नहीं’. या घोषणेत कुणाला रोखण्याची भाषाच नाही. तिच्यात न हटण्याची भाषा आहे. मोजणीदार, पोलीस, कंत्राटदार आणि शेवटी पाणी, हे सगळे चालून आले. गाव जिथे होते तिथेच होते. तरीही नोंद झाली ती गावाने अडवले अशी.

लवादाच्या निवाड्यात एक अट स्पष्ट आहे: विस्थापितांचे पुनर्वसन झाल्याशिवाय कोणतेही क्षेत्र बुडवायचे नाही. पुनर्वसन बुडण्याच्या किमान वर्षभर आधी पूर्ण करायचे, जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची, आणि ती प्रत्येक पात्र कुटुंबाला किमान २ हेक्टर, सिंचनाची. हा निवाडा सरकारांवर बंधनकारक होता. मग जमीन मिळण्याआधी पाणी येऊ नये म्हणून जो माणूस दारात उभा राहिला, तो सरकारचाच नियम राखत होता. निवाड्याच्या अंमलबजावणीत अडथळा आणला असेल तर तो अटीआधी भिंत वाढवणाऱ्यांनी. हे मी रागाने म्हणत नाही. निवाडा शब्दशः वाचला की यापेक्षा वेगळा अर्थ निघत नाही.

जमीन द्यायची ती कुणाला, इथेही एक भिंत होती. अक्राणी-अक्कलकुव्यात कित्येक वनगावे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेताचा सात-बारा नाही, कारण कागदावर ते जंगल. म्हणजे कसणारा अतिक्रमणदार. जो आधीच अतिक्रमणदार ठरला त्याचे शेत बुडाले तरी ते त्याचे नव्हतेच, असा हा हिशोब. तळोद्याची वनजमीन मोकळी करून काही वसाहती झाल्या, पण ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ अशी प्रकल्पग्रस्तांची विभागणी पुढे वर्षानुवर्षे चालली. स्वतःच्या घराच्या जागेवर उभे असताना आपण प्रकल्पग्रस्त आहोत हे सिद्ध करायला एखाद्याला तालुक्याच्या कचेरीत खेपा घालाव्या लागतात, तेव्हा अडवणूक कुणाची होते?

सर्वोच्च न्यायालयात १९९४ मध्ये आंदोलनाची याचिका गेली. १९९५ मध्ये ८०.३ मीटर उंचीवर बांधकाम थांबले. १८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने, दोन विरुद्ध एक मताने, ते पुन्हा सुरू झाले. न्यायमूर्ती भरुचा यांचे मत वेगळे पडले. पुढे टप्प्याटप्प्याने उंची वाढत गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरला. कच्छ-सौराष्ट्राला पाणी मिळाले, हे खरे आहे आणि ते मोलाचे आहे. तहानलेल्याला पाणी मिळण्याविरुद्ध नर्मदाकाठचा माणूसही कधी बोलला नाही.

आपल्या फौजदारी कायद्यात अडवण्याचे दोन वेगळे विचार शेजारी नांदतात. जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम १८६, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२१, लोकसेवकाच्या कामात अडथळा आणणाऱ्याला शिक्षा सांगते. पण जुने कलम ३३९, आता १२६, एखाद्या व्यक्तीची वाट अडवण्याच्या गुन्ह्याची व्याख्या करते आणि तिथे एक मोठी अट घालते: ज्या दिशेने जाण्याचा तिला हक्क आहे, त्या दिशेने जाण्यापासून तिला रोखले, तरच गुन्हा. म्हणजे अडवले एवढे पुरत नाही. आधी जाणाऱ्याचा हक्क तपासायचा. याच कलमात एक अपवादही आहे. जमिनीवरून किंवा पाण्यावरून जाणारी खासगी वाट अडवण्याचा कायदेशीर हक्क आपल्याला आहे, असे जो सद्भावाने मानतो, त्याने ती वाट अडवली तर तो गुन्हा होत नाही. एकोणिसाव्या शतकात मसुदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते की अडवण्याचाही हक्क असू शकतो. कलमाच्या मर्यादेत ही गोष्ट खासगी वाटेपुरती आहे, पण त्यामागचा विचार त्याहून मोठा आहे. दुसऱ्या कलमातला हा हक्काचा प्रश्न पहिल्या कलमाच्या प्रत्येक गुन्ह्यात मोठ्याने विचारला गेला असता, तर चिंचखेडीच्या वाटेवरचे सर्वेक्षण कदाचित वेगळ्या रीतीने झाले असते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या सोबतीने टाटांच्या धरणाचे काम अडवले, तेव्हा त्यांची घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. त्यानंतर दोनच वर्षांनी स्वराज्य पक्ष कायदेमंडळात शिरला तो सरकारची अडवणूक करायचीच, असे जाहीर करून. त्यात न. चिं. केळकर होते, बॅ. जयकर होते. पुढे या दोघांनी प्रतियोगी सहकारितेची वाट धरली, हा त्यांचा निर्णय. पण अडवणूक हे सभ्य राजकारणाचे साधन आहे, हे त्या काळच्या वकिलांना मान्य होते. मावळातल्या शेतकऱ्याने तेच साधन वापरले तेव्हा तो अडाणी ठरला आणि सातपुड्यातल्या पावऱ्याने वापरले तेव्हा तो विकासविरोधी ठरला. साधन एकच, वापरणारे हात वेगळे.

आपल्याकडे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही सरकारचीच घोषणा आहे. अडवणे या क्रियापदाला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळाला नसेल. अक्राणीतल्या बिलगावात लोकांनी ते करून दाखवले. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या अभियंत्यांची मदत, गावकऱ्यांचे श्रमदान, उदई नदीच्या धबधब्यावर लहानसा बंधारा आणि २००३ मध्ये १५ किलोवॉटचा वीजप्रकल्प. त्याआधी डोमखेडीतही असाच छोटा प्रयोग झाला होता आणि तो बुडिताने नेला. बिलगावचा प्रकल्प २००६ च्या पुराने नेला. आयुष्य थोडे ठरले तरी त्या बंधाऱ्याने कुणाला घर सोडायला लावले नाही आणि पाणी अडवण्याचा निर्णय काठावर राहणाऱ्यांनीच घेतला. मला या गोष्टीचे फार मोल वाटते. ज्यांच्यावर अडवण्याचा आरोप होता, त्यांनी एक नदी अडवली आणि त्यातून गावाने दिवा लावला. अडवण्याची हीच योग्य रीत होती असे मी म्हणेन, आणि धरण-विरोधक म्हणजे पाणी अडवण्याचेच विरोधक ही समजूत इथे टिकत नाही.

आता त्या काठावर कुणी मोजणीला विरोध करत नाही. पाणी येऊन बसले आहे. ज्या पायवाटांनी एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाता येत होते, त्या फुगवट्याखाली गेल्या. आता बोटीने जायचे. दवाखानाही बोटीतून, तरंगता. उंचावरच्या पाड्यांची वाट निराळ्या कारणाने अडते. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगावकडून तळोद्याला जाणारा रस्ता बंद होतो आणि रस्ता नसलेल्या पाड्यांवरून बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खाली आणावे लागते. वर्तमानपत्रे या झोळीला ‘बांबूलन्स’ म्हणतात. तिचे छायाचित्र दर पावसाळ्यात छापून येते आणि त्या बातमीत अडथळ्याचा गुन्हा कुणावरही दाखल झालेला नसतो. रस्ता मंजूर झाला होता का, पैसा आला होता का, पूल कुठे अडला, हे शोधता येण्याजोगे प्रश्न आहेत, कारण फायलीवर तारखा असतात, सह्या असतात. झोळीतल्या बाईची वाट कोणी अडवली हे कलम १२६ च्या भाषेत विचारायला हरकत नाही. दवाखान्याच्या दिशेने जाण्याचा तिला पूर्ण हक्क होता.