लाकडात उरलेले लोखंड

स्क्रू तुटतो तेव्हा फारसा आवाज होत नाही. हाताला होणारा विरोध एकाएकी संपतो आणि क्षणभर वाटते, काम झाले. विरोध संपला म्हणजे प्रश्न सुटला, असे माणसाला नेहमीच फार लवकर वाटते.

पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, भाता बिजागरीवर हलतो. बिजागरी लहान स्क्रूंनी लाकडात बसवलेली असते. वर्षानुवर्षे भाता मागेपुढे होतो आणि त्याचा प्रत्येक हेलकावा शेवटी त्या स्क्रूंवर येतो. मैफलीत लोक गाणाऱ्याकडे पाहतात, जाणकार पेटीवाल्याच्या बोटांकडे पाहतात. बिजागरीकडे कोणी पाहत नाही. रोज वाहिला जाणारा भार दिसेनासा होतो. पुढे तो वाहणाराही दिसेनासा होतो.

सैल स्क्रू तुटत नाही. तो खडखडतो, निघून येतो, हरवतो. तुटतो तो घट्ट बसलेला. डोके फिरते, अंग फिरत नाही. सगळा पीळ मधल्या मानेवर येतो आणि मान जाते. घराघरांत हेच घडते. वरचा एक हट्टाने फिरवत असतो, खालचा एक रुतून बसलेला असतो. तुटतो तो त्यांच्या मधला, आणि दोघांनाही त्याचे नवल वाटते.

डोके गेले तरी स्क्रूची पकड जात नाही. आटे पूर्वीइतकेच रुतलेले असतात. फक्त आता तो काहीही जोडत नाही. बिजागरी केव्हाच सुटून बाजूला झालेली असते आणि तो आपला लाकूड धरून असतो. भावाभावांतली जुनी वैरे पाहिली की हे उमगते. ज्या जमिनीसाठी अबोला धरला ती विकून वर्षे लोटतात. अबोला उरतो.

डोक्याबरोबर खाचही गेलेली असते. स्क्रूला हात घालायची तेवढी एकच जागा होती. माणसालाही अशी जागा फार थोडी असते: एखादा विषय, एखादे नाव, संध्याकाळची एखादी वेळ. ती गेली की माणूस रोज समोर असतो आणि त्याच्याशी बोलायला कुठून सुरुवात करावी हे कळत नाही.

पहिला विचार मनात येतो तो ड्रिलचा. मधोमध भोक पाडावे आणि स्क्रू पोखरून काढावा. विचार सरळ आहे. लाकूड आणि पोलाद मात्र शेजारी शेजारी असताना सरळ काही घडत नाही. तुटलेला माथा ओबडधोबड असतो आणि पोलाद कठीण. ड्रिलचे टोक त्यावर ठरत नाही. ते घसरते, बाजूच्या मऊ लाकडात शिरते आणि तिथे झपाट्याने आत जाते. हाताला वाटते, काम पुढे चालले आहे. स्क्रू जागच्या जागी असतो. त्याच्या कडेचे निरपराध लाकूड पोखरले जात असते. रागाचा प्रवास याहून वेगळा नाही. ज्याच्यावर तो असतो, त्याच्यावर तो चालत नाही. मग तो घसरतो आणि जे मऊ असते त्यात शिरतो. कचेरीत न उच्चारलेला शब्द रात्री घरात उच्चारला जातो, आणि ज्याने तो ऐकला त्याला आपला गुन्हा आयुष्यभर सापडत नाही.

घड्याळे दुरुस्त करणाऱ्यांकडे याला एक सुंदर तोडगा आहे. पितळेत पोलादाचा स्क्रू तुटला की तो भाग ते तुरटीच्या पाण्यात ठेवतात. तुरटी पोलाद हळूहळू खाऊन टाकते आणि पितळ शाबूत राहते. लाकडाच्या वाद्याला हा उपाय चालत नाही. पाण्याने लाकूड फुगते, सांधे उकलतात, लोखंडाचा काळा डाग खोल उतरतो. उपाय गुणकारी असून भागत नाही. ज्याला वाचवायचे आहे, त्याला तो सोसला पाहिजे.

जाणता कारागीर आधी स्क्रूकडे पाहत नाही. तो भोवतालचे लाकूड पाहतो, रेषा कुठून कुठे जातात ते पाहतो. माथा थोडा वर असेल तर कानशीने नवी खाच पाडतो किंवा चिमट्याने टोक धरतो. तसे जमण्याजोगे नसेल तर सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक माथ्यावर टेकवून ठेवतो. लोखंड तापून किंचित फुगते, लाकडाला किंचित दाबते, आणि निवल्यावर पुन्हा आक्रसते. तेवढ्याने पकड ढिली होते. मात्र निवेपर्यंत थांबावे लागते. ऊब देणे पुष्कळांना जमते. थांबणे थोड्यांना जमते.

नंतर तो स्क्रू उलटा फिरवत नाही. आधी केसभर घट्ट करण्याच्या बाजूला फिरवतो, गंजाची मिठी मोडतो, आणि मगच सोडवू लागतो. अडून बसलेल्याला आधी त्याच्याच दिशेने थोडे जाऊ द्यावे लागते. समजूत घालणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे न शिकवता माहीत असायचे.

एवढे करूनही काही स्क्रू येत नाहीत. मग कारागीर एक पोकळ नळी घेतो. तिच्या तोंडाला बारीक दाते असतात. ती स्क्रूभोवती गोल फिरते आणि लाकडाची कडी कापत खाली जाते. स्क्रूला ती शिवतही नाही. शेवटी स्क्रू भोवतालच्या थोड्या लाकडासकट बाहेर येतो. चांगले लाकूड गेले, हे खरे. पण ते मोजून गेले, आणि जाणूनबुजून दिले. काहीच गमवायचे नाही असा निश्चय करून बसलेली माणसे बहुधा यापेक्षा पुष्कळ जास्त गमावतात.

उरलेल्या भोकात गुट्टी बसवायची असते. खरी कसोटी इथे आहे. गुट्टी त्याच जातीच्या लाकडाची हवी: सागाला साग, शिसवीला शिसव. तिच्या रेषा भोवतालच्या रेषांच्याच दिशेने जायला हव्यात. लाकूड दमट हवेत रेषांना आडवे फुगते. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ वाढत नाही. गुट्टी वेगळ्या दिशेने बसवली तर ती बसवलेल्या दिवशी निर्दोष दिसते. पावसाळा आला की ती आपल्या दिशेने फुगते, भोवतालचे लाकूड आपल्या दिशेने, आणि कड दिसू लागते. शिवाय गुट्टीच्या रेषा उभ्या, स्क्रूच्याच दिशेने राहिल्या तर नव्या स्क्रूला तिच्यात नीट पकड मिळत नाही. घरात नव्याने आलेल्या माणसाबद्दल लोक विचारतात, तो आमच्यासारखा आहे का. सुखात कसा राहतो ते लगेच दिसते. दमट दिवसांत तो कोणत्या दिशेने फुगेल, हे कोणी विचारत नाही.

स्क्रू का तुटला, याचे उत्तर मात्र बहुधा जुने असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडात मारायच्या स्क्रूला टोकच नसे. आधी गिरमिटाने भोक पाडल्यावाचून तो आत जात नसे. मग यंत्रावर टोकदार स्क्रू निघू लागले. पॅरिसमध्ये हार्मोनियम आकाराला आली तीही साधारण त्याच काळात. टोकामुळे सोय झाली. सोयीमुळे भोक पाडणे लोकांना ऐच्छिक वाटू लागले. जे काम आधी केल्यावाचून पुढचे होत नाही, तेवढेच माणूस इमानाने करतो. बाकीचे तो उद्यावर टाकतो, आणि तो उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येतो.

पितळेच्या स्क्रूची कथा याहून नाजूक आहे. पेटीचे सूर पितळी पट्टीवर असतात आणि ती पट्टी लहान स्क्रूंनी लाकडावर घट्ट बसवलेली असते. ती जराही उचलली गेली तर हवा कडेने निसटते आणि सूर उशिरा बोलतो. पितळ मऊ. कठीण लाकडात ते जोराने पिळले तर तुटते. म्हणून नेटका कारागीर आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून लाकडात आटे पाडून घेतो, तो काढतो, आणि पितळी स्क्रूला मेण लावून त्या तयार वाटेने आत नेतो. पोलादाचे नाव कुठे राहत नाही. काही माणसांचे आयुष्य अशा वाटा पाडण्यात जाते. त्यांच्या मागून आलेली मऊ माणसे चमकतात, आणि ते योग्यही असते.

स्क्रूसारखे आटे मिरजेच्या तंबोऱ्याच्या खुंटीला नसतात. ती नुसत्या घर्षणावर उभी असते. हवा बदलली की सरकते, सूर उतरतो, खडू लावून ती पुन्हा बसवावी लागते. गायकाला त्याचा त्रास होतो. पण ती आपली तक्रार रोज सांगते, म्हणून आत तुटून राहत नाही. व्हायोलिनची वरची फळी मुद्दाम पातळ सरसाने चिकटवतात. ताण फार झाला तर सांधा उकलावा, लाकूड चिरू नये, एवढाच हेतू. पुढे कधी दुरुस्तीची वेळ आली तर पातळ सुरीने ती फळी उघडता येते. ज्याने ती बसवली त्याला उघडणारा माणूस माहीत नव्हता. तो कदाचित जन्मलाही नव्हता. तरी त्याची सोय करून ठेवलेली होती. माणसाच्या सभ्यतेची याहून चांगली खूण मला अजून सापडलेली नाही.

वारशाने आलेल्या पेटीत असा एखादा तुटका स्क्रू असतोच. आमच्याकडच्या पेटीत तो होता. कोणी तोडला, याची चौकशी कोणी केली नाही. ज्यांनी तोडला असेल त्यांनी ती वाजवलीही होती.

चांगली दुरुस्ती दिसत नाही. म्हणूनच तिचे दाम ऐकून लोक दचकतात. एका स्क्रूचे एवढे पैसे का, असे विचारतात. पेटी, तंबोरा, सतार दुरुस्त करणारे हात आता गावोगाव कमी होत चालले आहेत. जे आहेत त्यांनी सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत, आणि त्यांनी मागितलेला वेळही द्यावा.