पेरणारा आणि वेचणारा

मराठीत सुरुंग ‘पेरतात’. शेतीचं हे क्रियापद युद्धाने उचललं, पण त्याच्यासोबतची म्हण मात्र मागेच राहिली. पेरावे तसे उगवते, असं आपण म्हणतो तेव्हा पेरणारा आणि कापणारा एकच माणूस असतो, हे गृहीत धरलेलं असतं. सुरुंग पेरणारा निघून जातो. पीक येतं ते दुसऱ्याच कुणाच्या पायाखाली.

हे मनात आलं ते जयपूरच्या झोटवाड्यात, शेजारच्या निवृत्त सुभेदारसाहेबांच्या अंगणात. ते सैन्याच्या इंजिनिअर्समध्ये होते. सुरुंग हाताने कसा शोधतात, असं विचारल्यावर त्यांनी घरातून विणकामाची सुई मागवली आणि साठी ओलांडलेला तो माणूस गुलाबाच्या वाफ्यापाशी चक्क पालथा पडला.

आधी जमिनीलगत ताणलेली तार आहे का, ते हलक्या काडीने चाचपायचं. मग धातुशोधक फिरवायचा. पण प्लास्टिकच्या सुरुंगात धातू नावापुरताच असतो, म्हणून शेवटी सळईच. ती सरळ खाली खुपसायची नाही, साधारण ३० अंशांत तिरकी सरकवायची. कारण दाब सुरुंगाच्या माथ्यावर पडला तर तो फुटतो, त्याला कुशीतून गाठावं लागतं. काही लागलं नाही तर दोन-तीन सेंटिमीटर सरकून पुन्हा. लागलं तर बोटांनी माती बाजूला करायची. बहुतेक वेळा दगड निघतो. “दगडांचा कंटाळा येतो,” ते म्हणाले, “आणि कंटाळा आला की बाहेर यायचं. भीतीपेक्षा त्याचाच धोका जास्त.”

१९४८च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर हे काम माऱ्याखाली झालं. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे ८ तारखेला जखमी झाले, तरी ११ तारखेपर्यंत रणगाड्यांसाठी सुरुंग आणि अडथळे काढत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. ते सुरुंग शत्रूचे होते. पण संसदेवरच्या हल्ल्यानंतर, डिसेंबर २००१मध्ये ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, तेव्हा राजस्थानच्या सीमेवर, शेतांमध्येसुद्धा, आपल्याच सैन्याने सुरुंग पेरले आणि पुढे आपल्याच जवानांनी ते वेचले.

“पेरले नसते, तर चौकीवरच्या पोरांना कुणी राखलं असतं?” सुभेदारसाहेबांनी विचारलं. सुरुंगबंदीच्या १९९७च्या ओटावा करारावर भारताची सही नाही, त्यामागेही लांबलचक सीमेचंच कारण दिलं जातं. हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. तरी पहारेकरी आणि सुरुंग एक नव्हेत. पहारेकरी ‘थांब, कोण आहे?’ असं विचारतो आणि त्याचा पहारा कधीतरी संपतो. सुरुंग विचारत नाही आणि शांतता झाल्याचं त्याला कुणी कळवत नाही. गुराख्याचं पोर आणि शत्रूचा सैनिक यांतला फरक ठरवण्याचं काम आपण अशा वस्तूवर सोपवतो, जिला फरक कळतच नाही. काम सोपवलं म्हणून जबाबदारीही गेली का?

भारताने स्वीकारलेल्या, पारंपरिक शस्त्रांविषयीच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत याचं एक छोटंसं उत्तर आहे. माणसांविरुद्धचा सुरुंग निदान ८ ग्रॅम लोखंडाइतका तरी धातुशोधकाला जाणवला पाहिजे, आणि कुठे काय पेरलं याची नोंद राहिली पाहिजे. ८ ग्रॅम लोखंड म्हणजे जेमतेम एक घनसेंटिमीटर. मारण्याच्या यंत्रात, पुढे कधीतरी ते काढायला येणाऱ्या अनोळखी माणसासाठी ठेवलेली एवढीशी जागा!

पण ती पुरत नाही. थरची वाळू सरकते आणि प्रामाणिकपणे काढलेला नकाशाही चुकीचा ठरतो. याच जयपुरात रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट अफगाणिस्तानात, कंबोडियात कुणाकुणाला बसवला गेला, ते आठवलं की कापणी कुणाच्या वाट्याला येते ते कळतं.

राणे यांच्या कामाला आपण शौर्य म्हणतो, ते आहेच. पण त्या शौर्याच्या मुळाशी मला लक्ष दिसतं : प्रत्येक वितीला वेगळी समजून हात लावणं. सुरुंग जे करू शकत नाही, ते वेचणारा प्रत्येक सळईला करतो. पेरणाऱ्याने निदान एवढं तरी करावं : पेरण्याआधी, त्या वेचणाऱ्याच्या जागी स्वतः पालथं पडून पाहावं.