धूर दिसला, पुढे काय?

तुमसर तालुक्यातला अंबागड सातपुड्याच्या एका डोंगरावर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात, सन १७००च्या सुमारास, राजा खान पठाणाने तो बांधला. बुरुजावर उभं राहिलं की खाली जंगल दिसतं, भाताच्या बांध्या दिसतात. सगळ्यांसारखा मीही आधी फोन काढला.

फोटो काढून झाल्यावर मात्र एक प्रश्न पडला. हा बुरूज कुणी फोटोसाठी बांधला नव्हता. इथे उभ्या असलेल्या माणसाला जे दिसेल, त्याचं पुढे काहीतरी करावं लागायचं. मला काहीच करायचं नव्हतं. असं नुसतं बघून निघून जाणं चालतं का?

पहारेकऱ्याला मोठं करायचं कारण नाही. पुढे नागपूरकर भोसल्यांनी या गडाचा तुरुंग केला. आतल्या विहिरीचं विषारी पाणी पाजून कैद्यांना मारत, असं सांगतात. ते खरं असेल, तर पहारेकऱ्याला दूरवरचं सगळं दिसत होतं आणि पाठीमागची विहीर दिसत नव्हती. किंवा दिसत होती, पण तिकडे बघणं त्याचं काम नव्हतं. उंचीमुळे नजर लांब जाते. ती कुठे वळवायची, हे उंची सांगत नाही.

आमच्या भागात उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. कधी ती आग पसरून वणवा लागतो. जंगलातल्या मनोऱ्यावरून धूर दिसतो, पण तो वणव्याचा की कुणाच्या चुलीचा, हे कळायला कुणाला तरी खाली जावं लागतं. आग लावणाऱ्याच्या घरात मोहाच्या पैशांवर काय काय भागतं, तेही खालीच कळतं.

आता असा मनोरा प्रत्येकाच्या खिशात आहे. रोज कुठला तरी धूर दिसतो आणि आपण स्क्रोल करतो. ‘सगळीकडे कोण धावणार?’ बरोबर आहे. वनरक्षकही सगळ्या जंगलात धावत नाही. त्याला एक बीट नेमून दिलेलं असतं, तेवढ्याचा जाब तो देतो.

आपल्याला बीट कुणी नेमून देत नाही. ते आपणच ठरवायचं असतं : गावातला एखादा तलाव, एकटा राहणारा शेजारी, वर्गात गप्प झालेली मैत्रीण. दिसलेल्या सगळ्याची जबाबदारी माझ्यावर नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या बीटात धूर दिसला, तर खाली उतरून ‘काय झालं?’ एवढं तरी मी विचारायलाच हवं.