पाहिलं कुणी?

वसमतकडच्या एका हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या एकोणीस वर्षांच्या लेकीला फीट यायला लागली. पहिल्यांदा कांदा हुंगवला, दुसऱ्यांदा चप्पल, तिसऱ्यांदा अंगारा लावला. मग कुणीतरी गोळी लिहून दिली. ती नेमाने घेऊनही पोर पडायची थांबेना. स्थळं यायला लागली होती, म्हणून घराने तोंडाला कुलूप लावलं.

शेवटी तिघं नांदेडला न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. बापाने एमआरआयची फिल्म टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उजेडापुढे धरून नीट पाहिली आणि बाजूला ठेवली.

"यात काही दोष नाही. आता सांगा, फीट आली तेव्हा जवळ कोण होतं?"

मायबाप एकमेकांकडे बघू लागले. जवळ असायची ती कामाला येणारी मावशी. आणि तिलाच बजावून ठेवलं होतं, गावात चकार शब्द काढायचा नाही म्हणून.

डॉक्टरांनी तिला फोन लावायला सांगितला. मावशी आधी बोलेचना. बाप म्हणाला, "सांग मावशे, काय बघितलं ते सगळं सांग."

"साहेब, फीट तर नंतरची. सकाळी उठली की पोरीच्या हाताला हिसके बसतात. चहाचा कप उडतो हातातून. बाई तिला धांदरट म्हणून बोलतात. हळद शिजवायच्या दिवसांत रातभर जागरण झालं की सकाळी ती पडतीच."

डॉक्टर झरझर लिहून घेत होते. ऐन वयात येताना सुरू होणारा अपस्माराचा एक प्रकार अगदी असाच असतो. उठल्यावर हातांना झटके, जागरणानंतर मोठी फीट, आणि एमआरआय मात्र स्वच्छ. फीटच्या काही गोळ्या या प्रकारात झटके उलट वाढवतात. पोरीला तसलीच गोळी चालू होती. मेंदूच्या डॉक्टरची खरी विद्या मला इथे दिसते. पोर पडते त्या घटकेला कुठलंही यंत्र हजर नसतं, माणूस असतो.

ईईजी काढला, निदान पक्कं झालं, गोळी बदलली. मग डॉक्टरांनी फोनवरच मावशीला शिकवलं: फीट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना.

निघताना आईने दबक्या आवाजात विचारलं, "सासरी कळू न देता गोळी घेता येईल का, साहेब?"

"चोरून घेतलेली गोळी चुकते, ताई. चुकली की फीट येते. शिवाय पुढच्या बाळंतपणाचा विचार करून औषध निवडलंय. दिवस राहायच्या आधी तिने मला भेटायला हवं. हे चोरून कसं जमायचं? तुमचा हिंगोली जिल्हा झाला ना, त्याच १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची आडकाठी काढून टाकली. कायद्याने सोडलेलं ओझं तुम्ही पोरीच्या डोक्यावर का ठेवता?"

पुढचं स्थळ आलं तेव्हा आईने स्वतः सांगितलं. ती माणसं परत फिरकली नाहीत. त्यानंतरच्यांनाही तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं. त्या मुलाच्या आईने विचारलं, गोळी किती वाजता असते. आणि तिथल्या तिथे नवऱ्याला सांगितलं, हळदीच्या दिवसांत सुनेला जागरण नको, रात्रीला गडी वाढवा.