जुन्या लॅपटॉपचा ताप

लॅपटॉप सुरू असू द्या, पण त्याच्याकडून काही करून घेऊ नका. एखादी फाईल उघडी असेल तर बंद करा. आता तळहात पंख्याच्या झरोक्यासमोर धरा, चार बोटं दूर, आणि तसाच राहू द्या.

आधी नुसता आवाज ऐका. मग वारा लागतो का पाहा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझ्या लॅपटॉपचा पंखा दुपारी पिठाच्या गिरणीसारखा घुमायचा आणि तळहाताला मात्र झुळूकही जाणवायची नाही. दोन वर्षं मी तो आवाज कष्टाचा समजत होतो. तो गुदमरल्याचा होता.

एक सावकाश श्वास घ्या आणि सोडा. चार सेकंद गेले असतील. 2011 सालचा इंटेलचा कोअर आय5-2520एम, जो माझ्या आणि त्या काळच्या कितीतरी ऑफिसांतल्या लॅपटॉपांत होता, काम पडलं की 2.5 गिगाहर्ट्झवर चालतो. म्हणजे सेकंदाला अडीच अब्ज ठोके. तुमच्या त्या एका श्वासात एक हजार कोटी. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत प्रकाशसुद्धा जेमतेम 12 सेंटीमीटर जातो. लॅपटॉपची रुंदीही त्याला ओलांडता येत नाही. या आकड्यापाशी थोडं थांबा. घाई नाही. मग स्वतःला विचारा: मशीन मंद झालंय असं मी म्हणतो, तेव्हा नेमकं काय मंद झालेलं असतं?

ठोका तर पहिल्या दिवशी होता तोच आहे. सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागत असतील तर बहुधा जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कचा दोष. तिथे एसएसडी बसवा, आणि हे वाचणं इथेच थांबवलंत तरी चालेल. ब्राउझरच्या वीस टॅब उघडल्यावर दम लागत असेल तर रॅम वाढवा. व्हिडिओ तयार होताना किंवा मोठा प्रोग्रॅम कंपाइल होताना चहा करून, पिऊन, कप विसळूनही काम चालूच असेल, तरच प्रोसेसरकडे वळायचं.

आता बंद करा. चार्जर काढा, बॅटरी काढा, सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. एका कागदावर लॅपटॉपचा आकार काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या चित्रात त्याच्या जागी ठेवत चला. लांब स्क्रू आखूडच्या जागी बसवला तर तो आत बोर्डात घुसतो.

तांब्याची एक चपटी नळी दिसेल. तिच्यावर बोट ठेवा. भरीव वाटते, पण नाही. आतली हवा काढून तिच्यात थोडंसं पाणी बंद केलेलं आहे. प्रोसेसरकडचं टोक तापलं की त्या पाण्याची वाफ होते. आत हवेचा दाब नसल्यामुळे त्याला 100 अंशांची वाट पाहावी लागत नाही. वाफ पंख्याकडच्या गार टोकाला जाते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं, आणि कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं ते नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत येतं. पंप नाही, वीज नाही. तुम्ही या लॅपटॉपवर अर्ज भरलेत, तिकिटं काढलीत, रात्री उशिरा कुणाला तरी लांबलचक मेल लिहून शेवटी पाठवलीच नाहीत, तेव्हा तेव्हा हे पाणी येरझारा घालत होतं. दोन मिनिटं फक्त त्या पाण्याचा विचार करा.

मग उष्णतेची वाट कुठे अडते? नळीच्या शेवटी पातळ पत्र्यांची जाळी असते आणि पंख्याच्या बाजूने तिच्यावर धूळ बसते. माझ्याकडे निघाली ती वाकळीच्या तुकड्यासारखी, एकसंध, चिमटीत धरून उचलता आली. प्रोसेसर आणि तांबं यांच्या मधली पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. दोन्ही साफ केलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली. (पहिल्या खेपेला मी ती भाकरीवर लोणी थापावं तशी थापली होती. कडेने बाहेर आलेली पुसण्यात एक संध्याकाळ गेली.) एवढ्यानेच गिरणी थांबली. तळहाताला वारा लागू लागला. खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं, पण प्रोसेसर बदलायची हाव शिल्लक होती.

तुमचीही असेल, तर पुढे चला. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो त्या सॉकेटच्या कडेला एक स्क्रू आहे, तो फक्त अर्धा फेरा फिरतो. फिरवा. प्रोसेसर सैल होतो, ओढावा लागत नाही. ओढावा लागतोय असं वाटलं तर हात मागे घ्या, काहीतरी राहिलं आहे. कडा धरून उचला आणि उलटा करून उजेडात पाहा: 988 पिना, केसासारख्या. एकीलाही बोट लावू नका.

सुलटा करा. मधोमध आरशासारखा काळपट चौकोन आहे, साधारण दीड चौरस सेंटीमीटरचा. त्यातून 35 वॅट उष्णता निघते. घरातली हजार वॅटची इस्त्री आठवा. तिचा तळ दोनशे चौरस सेंटीमीटर धरला तर दर सेंटीमीटरला पाच वॅट आले. या चौकोनाच्या वाट्याला तेवीस येतात. इस्त्रीला आपण हात लावत नाही. हा मात्र मांडीवर घेऊन बसतो.

याच सॉकेटात त्याच पिढीचा कोअर आय7-2720क्यूएम बसतो. दोनाऐवजी चार कोअर. गंमत अशी की पेटीवरचा आकडा उतरतो: 2.5 च्या जागी 2.2 गिगाहर्ट्झ. ज्याला फक्त वेग मोजायची सवय आहे त्याला हा तोटा वाटेल. पण चौघांत वाटता येण्यासारखं काम असेल तर हा सावकाश चौघांचा गट त्या चपळ दोघांना मागे टाकतो. बायोस त्याला ओळखतो का हे आधी पाहून घ्या. 65 वॅटचा चार्जर असेल तर तो कमी पडू शकतो, तेही पाहा. आणि त्याची 45 वॅट डोळ्यांसमोर ठेवा. वाढलेली दहा वॅट त्याच नळीतल्या, तेवढ्याच पाण्याला वाहायची आहेत.

आता ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे ठोका नेमलेल्यापेक्षा चढवण्याचा, मोह. तो नुसता दाबून टाकू नका, नीट समोर घेऊन बसा. त्याला वंशपरंपरा आहे: 1998 मध्ये डेस्कटॉपचा सेलेरॉन 300ए लोक 66 ऐवजी 100 मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे मूळ ठेक्यावर, चालवायचे आणि 300 चा प्रोसेसर 450 वर धावायचा. तिथे हे साधायचं, कारण बाकीच्या भागांना मिळणारा ठोका भागाकार करून 33 वरच ठेवता येत असे. एकटा प्रोसेसर पळायचा, शेजारी आपल्या चालीने चालायचे.

2011 च्या या पिढीत तसं नाही. मूळ ठेका 100 मेगाहर्ट्झचा, आणि 2520एम त्याची 25 पट लय धरतो. ती पट वाढवण्याची मुभा 2920एक्सएमसारख्या एखाद्याच महागड्या, 55 वॅटच्या प्रोसेसरला, इतरांची कुलूपबंद. उरतो मूळ ठेका. पण डिस्कचा, यूएसबीचा, सगळ्यांचा ठेका त्याच्यातूनच निघतो. दिंडीतल्या पखवाजवाल्याने एकदम लय चढवली तर काय होतं ते आठवून पाहा. तरणी पोरं नाचत पुढे जातील, पण मागचा सत्तरीचा टाळकरी चुकतो, आणि तो चुकला की अभंग मोडतो. इथे तो टाळकरी म्हणजे तुमची डिस्क, म्हणजे तुमचे फोटो. हाती लागते ती दोन-चार टक्क्यांची वाढ. माझं स्पष्ट मत आहे की एवढ्यासाठी जुन्या लॅपटॉपच्या वाट्याला जाऊ नये.

ठोका चढवला की तो सांभाळायला बहुधा विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि उष्णता ठोक्याच्या पटीत वाढते तशी दाबाच्या वर्गाच्याही. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवा: 1.1 गुणिले 1.21, म्हणजे एक तृतीयांश उष्णता जास्त, दहा टक्के वेगासाठी. खुद्द इंटेललाही हा हिशेब चुकला नाही. 2004 मध्ये पेंटियम 4 हा 3.8 गिगाहर्ट्झवर पोचला, आणि जाहीर केलेला 4 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर त्याच वर्षी रद्द झाला.

आणि तुमचा प्रोसेसर संधी मिळेल तेव्हा आपण होऊन धावतोच. टर्बोत 2520एम 3.2 पर्यंत जातो. त्याला हवा असतो गारवा. 100 अंशांपाशी पोचला की स्वतःच पाय मागे घेतो. तुम्ही काढलेली धूळ हेच त्याचं ओव्हरक्लॉकिंग.

नवा प्रोसेसर ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. वरून दाबू नका, तो स्वतःच्या वजनाने बसायला हवा. अर्धा फेरा. पेस्ट. हीटसिंकचे, म्हणजे त्या तांब्याच्या नळीच्या जोडणीचे, स्क्रू एकदम आवळू नका; समोरासमोरचे थोडे थोडे आवळत या. पंख्याची वायर लावलीत ना, पुन्हा पाहा. मग कागदावरचे स्क्रू, शेवटी काढलेला आधी.

बटण दाबा आणि तळहात पुन्हा झरोक्यासमोर धरा, चार बोटं दूर.

जुना प्रोसेसर फेकून देऊ नका. 2013 च्या हॅसवेल पिढीनंतर इंटेलचे लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डाला सोल्डर करूनच येतात, असा सुटा तुकडा पुढे हातात येणार नाही. पिना अँटिस्टॅटिक फोममध्ये रोवून तो छोट्या डबीत ठेवा आणि झाकणावर आजची तारीख लिहा.